परक्याच्या डोंगरातली १,६०० किलोमीटर वाट

वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात हॅटफील्ड-मकॉय ट्रेल्स नावाचं, ऑफ-रोड गाड्यांसाठी राखलेल्या मातीच्या वाटांचं जाळं आहे. तिथे चार सीटची गाडी भाड्याने घेऊन चौघं निघाले तर परमिटं चार काढावी लागतात. गाडीला नव्हे, माणसागणिक. मागच्या सीटवर नुसते बसून येणारे सासरेबुवाही त्यातून सुटत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याला ही उघड लूट वाटते. पण त्या कागदामागचा व्यवहार कळला की या ट्रेलचे बाकीचे नियमही आपोआप उलगडतात: हेल्मेट सगळ्यांना का, वाट सोडून दहा फूट आत गेलं तरी दंड का, आणि गेल्या वर्षी नकाशावर असलेली वाट यंदा बंद का.

आधी एक घोटाळा दूर करू. ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’ म्हटलं की अनेकांना आठवते ती जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट. तिच्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे आणि वेस्ट व्हर्जिनियाला ती जेमतेम शिवते, तीही पूर्वेच्या कडेला. आपण बोलतोय ते त्याच पर्वतरांगेच्या, पण अगदी वेगळ्या मुलखाबद्दल. लोगन, मिंगो, मॅकडॉवेल, वायोमिंग या कोळसा काउंट्यांबद्दल. इथे १,००० मैलांहून जास्त, म्हणजे १,६०० किलोमीटरच्या पुढे वाटा आहेत, आणि त्या सरकारी जंगलातून जात नाहीत. बहुतेक सगळी जमीन खाजगी आहे.

उंचीच्या आकड्यांवर जाऊ नका. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, स्प्रूस नॉब, १,४८२ मीटरचं; आपलं कळसूबाई त्याहून उंच. आणि तेसुद्धा या भागापासून बरंच दूर आहे. इथला अवघडपणा उंचीत नाही, उभेपणात आहे. मुळात हे पठार. वाळूचे दगड, चिकणमातीचे थर आणि मधेमधे कोळसा, सगळं जवळपास आडवं रचलेलं, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचं. गायंडॉट आणि टग फोर्क या नद्यांनी आणि त्यांच्या शेकडो ओढ्यांनी ते पठार इतकं कापलं की सपाट जागा उरलीच नाही. अरुंद घळींच्या तळाशी नदी, रेल्वेरूळ, रस्ता आणि घरांची एक ओळ कशीबशी मावते. सपाट जमीन हवी असेल तर ती खालीही नाही आणि वर धारेवरही नाही.

मग एवढे रस्ते डोंगरात केले कोणी? कोळशाने. थर आडवा असल्यामुळे तो डोंगराच्या कडेला एकाच उंचीवर उघडा पडतो. खाण कंपन्या त्या उंचीवर डोंगराभोवती आडवी पायरी कापत जायच्या, वरची माती खाली लोटायच्या आणि कोळसा काढून घ्यायच्या. त्या पायऱ्या राहिल्या. कोळसा वाहणाऱ्या ट्रकचे रस्ते राहिले. लाकूडतोडीचे रस्ते, गॅसच्या विहिरींपर्यंत जाणारे रस्ते त्यात मिसळले. आजच्या ट्रेलचा मोठा भाग हाच आहे. नव्याने खणलेलं त्या मानाने थोडं.

आता मालकीचा प्रश्न, आणि इथे जरा थांबायला हवं. १८८० च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या भागात शिरली. तिच्या आगेमागे दलाल फिरले आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून एकरी एखाद्या डॉलरला, कधी त्याहूनही कमी पैशांत, हक्क लिहून घेतले. काहींनी जमीनच विकली. काहींनी फक्त खालचं खनिज विकलं आणि वरची जमीन स्वतःकडे ठेवली, निदान त्यांना तसं वाटलं. समजा, सातबाऱ्यावर शेत तुमच्या नावावर आहे, शेतसारा तुम्ही भरताय, पण जमिनीखाली जे काही आहे ते दुसऱ्याचं, आणि ते काढण्यासाठी तुमचं शेत उलथंपालथं करायची मुभाही त्याला. शेजारच्या केंटकीत अशा जुन्या करारांच्या आधारे जमीन उघडून खाणकाम चालायचं. मालकाच्या संमतीशिवाय ते करता येऊ नये, यासाठी १९८८ साली लोकांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून घेतली. म्हणजे शंभर वर्षं गेली.

१९८१ मध्ये सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांच्या जमीननोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गावोगावच्या लोकांनीच कचेऱ्यांमधली दप्तरं उपसून तो केला होता. त्यातून दिसलं ते असं: जमीन आणि खनिजं मोठ्या प्रमाणात मोजक्या मालकांच्या हाती, त्यांतले बरेच कंपन्या आणि बरेच बाहेरचे. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात आजही चित्र फारसं वेगळं नाही. ट्रेलच्या दृष्टीने मात्र याचा एक विचित्र फायदा झाला. हजारो छोट्या शेतकऱ्यांची संमती गोळा करायची असती तर १,६०० किलोमीटर वाट कधीच जुळली नसती. इथे थोड्याशा बड्या जमीन कंपन्यांशी बोलणी केली की डोंगरच्या डोंगर मोकळे होतात.

पण कंपन्यांनी हो का म्हणावं?

१९७० साली होंडाने तीन फुगीर टायरची गाडी अमेरिकेत आणली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुझुकीची चारचाकी आली. तीनचाकी इतकी उलटायची की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत उत्पादकांनी तिची विक्री थांबवली, आणि एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवरची ही उघडी चारचाकी, घराघरांत पोहोचली. कोळशाच्या गावांत तर ती गरजेचीच झाली. शिकारीला, लाकडं आणायला, घळीतून वर धारेवर जायला. ही सगळी ये-जा परक्याच्या जमिनीवरून, कोणालाही न विचारता. मालकाला ते थांबवताही येईना, आणि एखादा गडी जुन्या खाणीच्या खड्ड्यात पडला तर खटल्याची भीती मालकालाच.

अमेरिकेत या भीतीवर एक उतारा आधीपासून होता. साठच्या दशकापासून अनेक राज्यांनी कायदे केले की मालकाने आपली जमीन लोकांना फिरायला, शिकारीला, मासेमारीला फुकट वापरू दिली तर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर येणार नाही. मेख ‘फुकट’ या शब्दात आहे. पैसे घेतले की संरक्षण गेलं. आणि ट्रेल चालवायची तर पैसे लागतात: खुणा, नकाशे, चर, पूल, गस्त.

वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये ही गाठ सोडवली. हॅटफील्ड-मकॉय प्रादेशिक मनोरंजन प्राधिकरण नावाची निमसरकारी संस्था कायद्याने उभी केली. पैसे घेणार ती संस्था. कंपनी जमीन वापरायला देणार, पण भाडं घेणार नाही. बदल्यात कायदा मालकाला दायित्वापासून वाचवणार, संस्थेचा विमा त्याच्या पाठीशी राहणार आणि संस्थेचे रेंजर त्याच्या जमिनीवर लक्ष ठेवणार. आणि उद्या मालकाला तिथे पुन्हा खाण काढायची असेल, झाडं तोडायची असतील, तर वाट बाजूला सरकणार किंवा बंद होणार. ऑक्टोबर २००० मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या. मला या सगळ्या प्रकरणात गाड्यांपेक्षा हा करार जास्त देखणा वाटतो. जमीन विकत घेतली नाही, संपादित केली नाही, तिचं राष्ट्रीय उद्यानही केलं नाही. फक्त ‘पडलास तर जबाबदार कोण’ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं.

म्हणून परमिट माणसाला आहे. ते गाडीचं तिकीट नाही. परक्याच्या जमिनीवर त्याच्या अटींनी पाऊल ठेवायला मिळालेली परवानगी आहे, आणि मागच्या सीटवर बसलेलाही तितकाच त्या जमिनीवर असतो. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला ते सुमारे ५० डॉलरला पडतं, स्थानिकाला साधारण त्याच्या निम्म्याला, आणि कधीही काढलं तरी ३१ डिसेंबरला संपतं. ऑक्टोबरची पानगळ बघायला एका शनिवार-रविवारपुरतं जाणाऱ्याला ते महाग पडतं, यात वाद नाही. हेल्मेट, दारूबंदी, अंधार पडल्यावर बंदी, सोळा वर्षांखालच्या मुलांवर मोठ्यांची नजर: यातला प्रत्येक नियम विमा आणि जमीनमालक या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. आखून दिलेली वाट सोडलीत की तुम्ही त्या करारातून बाहेर पडलात, सरळ अतिक्रमण करणारे झालात. रेंजर त्यावर हुज्जत घालत नाहीत.

गाड्या आणि चढ

इथे मुख्यतः तीन प्रकारची वाहनं दिसतात. एटीव्हीवर घोड्यासारखं मांड टाकून बसायचं, हँडलने वळवायचं. त्यात चालवणाऱ्याचं शरीर हाच तोल सांभाळण्याचा मुख्य भाग असतो. साइड-बाय-साइडमध्ये शेजारी-शेजारी खुर्च्या, स्टिअरिंग, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो. यामाहाची ऱ्हायनो आणि नंतर पोलारिसची आरझेडआर आल्यापासून गेल्या वीसेक वर्षांत याच गाड्यांनी ट्रेल भरून गेले, कारण त्यात कुटुंब बसतं. तिसरी डर्ट बाइक. तिच्यासाठी एकेरी अरुंद वाटा वेगळ्या राखलेल्या आहेत. वाटांवर क्रमांक आणि रंग असतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. काळ्या वाटेवर पहिल्या दिवशी जाऊ नये. हा सल्ला सगळे देतात आणि फार थोडे ऐकतात.

नवख्यांना न पटणारी गोष्ट अशी की ही गाडी मातीवर जितकी शहाणी, तितकीच डांबरावर वेडी. अनेक एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच सलग आसाला बांधलेली असतात, म्हणजे दोन्ही सारख्याच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे एका चाकाला घसरावंच लागतं. मातीवर ते सहज घसरतं. डांबरावर टायर घट्ट पकडतो, घसरायला जागा मिळत नाही, आणि सगळा जोर गाडी उलटवण्यात जातो. त्यातच गाडीचा गुरुत्वमध्य उंच, आणि टायरमध्ये हवा मोटारीच्या टायरच्या तुलनेत अगदीच कमी. अमेरिकेत या गाड्यांवर दरवर्षी शेकडो लोक दगावतात आणि त्यातला मोठा वाटा पक्क्या रस्त्यांवरच्या अपघातांचा असतो. कोळसा काउंट्यांतली गावं मात्र ट्रेल ते ट्रेल जायला रस्त्याचा तुकडा वापरू देतात, राज्याचा कायदाही थोड्या अंतरासाठी, मर्यादित वेगात त्याला परवानगी देतो. पेट्रोल भरायला गावात उतरलात तर त्या तुकड्यावरच सगळ्यात हळू चालवा.

चढाचं तंत्र सांगायला सोपं आहे. पायथ्याशी थांबून चढ नीट बघायचा, कमी गिअर टाकायचा, एका लयीत वर जायचं. एटीव्हीवर असाल तर पुढे झुकायचं. अर्ध्यात दम गेला तर गाडी आडवी वळवायची नाही. आडव्या गाडीला उतार उलटवतो. ब्रेक लावून थांबायचं आणि वाटाड्याला किंवा पुढच्या गाडीला विंचची तार टाकायला सांगायचं. उतरताना पुन्हा कमी गिअर, इंजिनाच्या ओढीवर गाडी धरायची, ब्रेक कमीत कमी. साइड-बाय-साइड कलंडायला लागली तर हात बाहेर काढून सावरायचा मोह होतो. गाडीचं वजन कित्येक क्विंटल असतं आणि हात जातो. हात आत, पट्टा घट्ट.

कमी गिअरवर इतका जोर देण्याचं आणखी एक कारण आहे. यातल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद चाकांकडे रबरी पट्ट्यावरून जाते. उभ्या चढावर वरच्या गिअरमध्ये हळू चालवलं की पट्टा पकडण्याऐवजी घासत राहतो, तापतो, जळका वास येतो आणि तुटतो. डोंगरात, जिथे फोनला रेंज नसते, तिथे पट्टा तुटणं म्हणजे दिवस संपणं. अनुभवी लोक जादा पट्टा आणि तो बदलायची हत्यारं बरोबर ठेवतात. भाड्याच्या गाडीत तो असतो का, हे निघण्याआधी विचारा. आणि कागदी नकाशा घ्या. डोंगराच्या धारा एकमेकींसारख्याच दिसतात.

पाणी

चाकं वाटेला जितकं खराब करतात, त्याहून पाणी जास्त करतं. चाक जागेवर गरगर फिरलं की मातीत चर पडतो. पुढचा पाऊस त्याच चरातून धावतो, चर खोल होतो, आणि दोनेक मोसमांत वाटेचा ओढा झालेला असतो. म्हणून वाटेवर ठरावीक अंतराने आडवे उंचवटे आणि खोलगट उतार केलेले दिसतात. ते गाडीला उड्या मारण्यासाठी नाहीत, पाणी बाजूच्या झाडीत लोटण्यासाठी आहेत. त्यांना वळसा घालून बाजूने जाणारा माणूस पाण्याला तिथून वाट करून देत असतो.

ती माती शेवटी ओढ्यात जाते. वायोमिंग काउंटीतल्या थोड्याशा ओढ्यांमध्येच उरलेला गायंडॉट नदीचा एक चिंगाटीसारखा खेकडा २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातला. पिनॅकल क्रीक हा त्याचा एक शेवटचा अधिवास. हा प्राणी तळाच्या मोठ्या दगडांखाली राहतो. गाळ साचला की दगडांखालच्या पोकळ्या बुजतात आणि त्याचं घर जातं. धोक्यांच्या यादीत कोळशाच्या बरोबरीने ओढ्यातून चालणाऱ्या ऑफ-रोड गाड्यांचाही उल्लेख झाला. पाणी उडवत ओढ्यातून जाणं हा या खेळातला सगळ्यात फोटोजनिक प्रकार आहे, हे खरंच आहे. तरीही नेमून दिलेल्या ओलांडणीखेरीज ओढ्यात गाडी घालू नये. इथे माझं मत पक्कं आहे.

पाण्याचा धाक या मुलखाला वेगळा शिकवावा लागत नाही. मॅन नावाच्या गावात रॉकहाउस वाटांवर जाणाऱ्यांची गर्दी असते. त्याच्या वरच्या घळीत, बफेलो क्रीकवर, २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या कचऱ्याचा बांध फुटला आणि १२५ माणसं गेली. फेब्रुवारी २०२५ च्या पुराने मॅकडॉवेल काउंटीला झोडपलं. अरुंद घळीत पाणी पसरायला जागा नसते, ते फक्त वर चढतं.

नाव कोणाचं

हॅटफील्ड आणि मकॉय ही टग फोर्क नदीच्या दोन काठांवरची दोन घराणी. १८६३ ते १८९१ च्या दरम्यान त्यांच्यात खुनाखुनी झाली, डझनभराहून जास्त माणसं मेली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची चटकदार कहाणी केली. ट्रेलला ते नाव देणं धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण मेटवन गावात गाडी उभी करून रस्त्यावर चालाल तेव्हा एक दुसरा हॅटफील्डही लक्षात ठेवा. सिड हॅटफील्ड, गावचा पोलीसप्रमुख. १९ मे १९२० ला कंपनीचे भाडोत्री गुप्तहेर संघटनेत गेलेल्या खाणकामगारांना घराबाहेर काढून परत निघाले होते. तो कामगारांच्या बाजूने उभा राहिला. गोळीबारात दहा जण मेले. पुढच्या वर्षी वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि महिन्याभरात सुमारे १०,००० सशस्त्र कामगार लोगन काउंटीतल्या ब्लेअर माउंटनवर चालून गेले. टी-शर्टवर मात्र घराण्यांचं भांडणच खपतं.

कोळशाने माणसं आणली आणि यंत्रांनी ती घालवली. मॅकडॉवेल काउंटीत १९५० साली ९८,८८७ लोक होते. २०२० च्या जनगणनेत १९,१११. या रिकाम्या झालेल्या गावांमध्ये ट्रेलने काही केलं का? गिल्बर्ट, मॅन, नॉर्थफोर्क, ब्रॅमवेल इथे लॉज उघडले, मातीने माखलेल्या गाड्या हॉटेलासमोर रांगेत दिसतात, पडीक घरं दुरुस्त होऊन पर्यटकांना भाड्याने गेली. परमिट घेणाऱ्यांत बहुसंख्य लोक राज्याबाहेरचे, म्हणजे पैसा खरोखर बाहेरून येतो. पण लॉजमधली चादर बदलण्याचं काम खाणीच्या पगाराची जागा घेत नाही, आणि जमीन अजूनही त्याच कंपन्यांची आहे. ज्या धारेवरून आजोबा विनापरवाना शिकारीला जायचे, तिथे गाडी न्यायची तर नातवाला परमिट काढावं लागतं. स्थानिकांच्या मनात याबद्दल कुरकुर असेल तर ती मला रास्त वाटते. या डोंगरांबाबतचा कुठलाच मोठा करार त्यांना विचारून झालेला नाही.

शार्लट किंवा कोलंबसला राहणाऱ्या मराठी मंडळींना हा भाग एका दिवसाच्या ड्राइव्हच्या टप्प्यात आहे. जायचंच असेल तर ब्रॅमवेलजवळच्या पोकाहॉन्टस वाटांपासून सुरुवात करा. कोळशाच्या भरभराटीच्या काळातल्या खाणमालकांचे वाडे तिथे गावातच उभे आहेत, आणि शार्लटहून येणाऱ्याला हा कोपरा सगळ्यात जवळचा. साइड-बाय-साइड घ्या, पहिला अर्धा दिवस हिरव्या वाटांवर राहा, बुटांचा दुसरा जोड ठेवा. पावसानंतर दोन दिवस जाऊ दिलेत तर वाटेलाही बरं आणि तुम्हालाही. गाडी परत देताना ती धुण्याचे पैसे वेगळे लावणार का, हे मात्र सही करण्याआधीच विचारून घ्या. इथला चिखल पाण्याच्या एका फवाऱ्यात निघत नाही.